तुटक्या कोपऱ्याची कुऱ्हाड

लातूरला जायला आमच्याकडच्या लोकांना कारणं पुष्कळ असतात. कुणी डाळीच्या बाजाराला जातो, कुणी दवाखान्यात, कुणी सोयरीक बघायला. लातूर जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून काहीजण नुसत्या नव्या कचेऱ्या बघूनही परत येतात. मी माझ्या मायला घेऊन गेले ती एक दगड बघायला, आणि तो दगड तिचा आहे हे तिथल्या लोकांना तोंडावर सांगायला. तुम्ही गेला नसाल म्हणून हे लिहिते. जाणार असाल तर तिथल्या तिसऱ्या कपाटापाशी जरा थांबा, म्हणूनही लिहिते.

आधी दगडाचं सांगायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाशेजारी, मुखेडपासून तीन कोसांवर, पाझर तलावाचं काम निघालं. माय त्या कामावर होती. एके दिवशी तिचा टिकाव मुरमात खणकन वाजला आणि तळहातापेक्षा जरा मोठा काळा दगड वर आला. एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला निमुळता, आणि हात फिरवला तर कुठं खरबरीत लागत नव्हता. टिकावाच्या घावानं धारेचा एक कोपरा मात्र उडाला होता. मायनं दगड आणि कोपरा दोन्ही ओट्यात बांधून घरी आणले. दगडानं आम्ही महिनाभर मिरची वाटली. कोपऱ्याची कपची पातळ आणि धारदार होती, ती तिनं रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या कण्यांचं करपलेलं पातेलं खरवडायला ठेवली.

मग गावात बोभाटा झाला. असा गुळगुळीत दगड म्हणजे विजेबरोबर आभाळातून पडलेला देव, असं आमच्या भागात मानतात. चार जाणती माणसं दारात आली, दगड घेऊन गेली, त्याला शेंदूर फासून मारुतीच्या कट्ट्यावर बसवला. आमच्या लोकांनी छप्पन्न साली देव सोडले, आणि नेमका आमच्याच चुलीपासून गावाला नवा देव मिळाला. माय दुसऱ्या दिवशी बघायला गेली तर तिला कट्ट्याखालीच थांबवलं. महिनाभर जिच्या हातची मिरची त्या देवानं अंगाला लावून घेतली होती, तिनं आता त्याला हात लावायचा नाही! मला हे आठवलं की अजून डोकं तडकतं.

पुढं काही वर्षांनी लातूरचे एक प्राध्यापक जुन्या वस्तू शोधत आले आणि पाटलांनी तो दगड त्यांना देऊन टाकला. देव गेला म्हणून कुणी फार रडलं नाही, नवीन बसवला. यंदा मी शिकवते त्या शाळेतले एक गुरुजी सहल घेऊन लातूरला गेले होते. तिथल्या संग्रहालयात आपल्या गावाचं नाव दिसलं म्हणून त्यांनी पाटी वहीत उतरवून आणली. दगडी कुऱ्हाड, नवाश्मयुग, ता. मुखेड, जि. नांदेड. खाली शोधक म्हणून पाटलांचं नाव.

मी ते घरी वाचून दाखवलं. माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"त्याला कुठं सापडली? त्यो तर लिंबाखाली बसून व्हता."

"तसं लिहिलंय माय."

"मंग ते खोडाय पायजे," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. "कधी जायचं?"

मुखेड ते मुरुड

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर सोमवारी सकाळी निघालो. यंदाही पाऊस दगा देऊन गेलेला. मायनं बरोबर भाकरी, शेंगाची चटणी आणि काठोकाठ भरलेली पितळेची कळशी घेतली. कळशीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. मी म्हटलं, "लातूरला काय पाणी नसेल का?" ती म्हणाली, "असंल. पण दुसऱ्याचं कशाला प्यायचं?" खरं म्हणजे लातूरच्या पुढं मुरुडला माझी गोदामावशी असते, आणि तिच्याकडं टँकर येतो तेव्हाच पाणी असतं हे मायला ठाऊक होतं. पाहुणीनं पाणी घेऊन जायची वेळ आली, हे तिला बोलून दाखवायचं नव्हतं इतकंच.

एस.टी.त कळशी तिच्या मांडीवर होती. जांबच्या अलीकडं ड्रायव्हरनं म्हशीसाठी करकचून ब्रेक दाबला आणि पुढच्या बाकावरच्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याची मान भिजली. मला वाटलं आता भांडण होणार. म्हाताऱ्यानं मागं वळून बघितलं, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सांड माय, अजून सांड. बरं वाटलं."

अहमदपूर, चाकूर मागं पडली. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, भेगाळलेली. एरवी आमच्या मुखेडच्या माळापेक्षा इकडची जमीन भारी म्हणून मला हेवा वाटतो. यंदा दोन्हीकडं सारखंच होतं.

लातूरला उतरलो आणि टांगेवाल्याला म्हटलं, संग्रहालयात चला. त्यानं बिनधास्त नेऊन कलेक्टर कचेरीसमोर उभं केलं. म्हणाला, "बाहेरगावचं माणूस सगळं इथंच येतंय बाई सध्या." गावभर रंगाचा वास. जिथं तिथं पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पांढऱ्या रंगानं झाकून वर 'जि. लातूर' लिहिलेलं. एका सायकल दुकानदारानं तर रंग वाळायच्या आत पाटी टांगली होती, लातूरचा 'र' खाली ओघळला होता. शेवटी विचारत विचारत पायी गेलो. दोन खोल्यांचं संग्रहालय, दाराला कुलूप, वर कागद: सोमवारी बंद.

मायनं कुलूप ओढून बघितलं. मग माझ्याकडं असं बघितलं की सोमवार मीच आणलाय. कळशी उचलून आम्ही मुरुडची गाडी धरली.

लातूर, मंगळवार

मुरुडहून सकाळच्या गाडीनं परत आलो. संग्रहालय बघणारे प्राध्यापक बिरादार, पाटलांकडून दगड घेऊन गेलेले तेच, स्वतः हजर होते. निलंग्याकडचे, मध्यम वयाचे, सायकलला अडकवलेल्या पिशवीत हातोडी आणि जुनी वर्तमानपत्रं बाळगणारे. मी शिक्षिका म्हटल्यावर त्यांनी उत्साहानं सगळं दाखवायला घेतलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यांचं बोलणं आवडलं. मी मुलांना शिकवते त्यात आदिमानव म्हणजे अंगाला पानं गुंडाळून दगड फेकणारा. बिरादार सरांनी मांजरा नदीच्या काठची एक हातकुऱ्हाड माझ्या हातात दिली. लाखो वर्षांपूर्वीची. अंगठा कुठं ठेवायचा हे दगडच सांगत होता.

त्यांनी सांगितलं की दगड निवडण्यापासून काम सुरू होतं. चांगल्या दगडाच्या कडेवर दुसऱ्या दगडानं तिरका घाव घातला की पातळ छिलका निघतो, आणि त्या छिलक्याचंही हत्यार होतं. कातडं साफ करायची तासणी तशीच झाली. पुढं गारगोटीची नखाएवढी पाती काढायची, ती लाकडाच्या खाचेत डिंकानं ओळीनं बसवायची, की झाला विळा.

"विळा?" माय इतका वेळ गप्प होती. "मंग ह्यो बायांचाच असणार."

सर हसले. "असेलही आजी."

भिंतीवर एक मोठं चित्र होतं. दाढीवाला पुरुष दोन्ही हातांनी दगड डोक्यावर उचलून दुसऱ्या दगडावर आपटतोय, मागं बाई लेकरू घेऊन शेकत बसलीय. माय चित्रापुढं उभी राहिली आणि तिला हसू आवरेना.

"ह्यो डोळा फोडून घेईल की! असं फोडतेत व्हय दगड?"

ती लगेच फरशीवर बसली. दुष्काळी कामावर तिनं तलाव खांदल्यावर दोन हंगाम खडी फोडली होती. एक पाय पसरायचा, दुसरा मुडपायचा. दगड सायकलच्या टायरच्या कड्यात धरायचा म्हणजे कपच्या उडत नाहीत. घाव दगडाच्या कडेवर, मधोमध नाही. "मधी मारलं तर भुगा हुतो. कडंला मारलं तर पापुद्रा निघतो. अन् दगडाचा आवाज ऐकायचा. बद्द वाजला तर सोडून द्यायचा, त्यो आतून फुटलेला असतो."

बिरादार सरांनी खिशातून वही काढून हे सगळं लिहून घेतलं. आवाजाचं तर दोनदा विचारलं. तिचं नाव मात्र त्यांनी विचारलं नाही. माझ्या ते तेव्हाच ध्यानात आलं, पण मी गप्प राहिले, कारण पुढं तिसरं कपाट होतं.

आमची कुऱ्हाड खालच्या फळीवर होती. काळी, गुळगुळीत, आणि धारेचा एक कोपरा नाही. तुटलेल्या जागेच्या बारीक खळग्यांत अजून शेंदूर अडकलेला. मायनं काचेवर हात ठेवला. दाराशी बसलेला वॉचमन ओरडला, "ओ मावशी, काचंला हात लावू नका!"

"मारुतीच्या कट्ट्यावर बी असंच म्हणले व्हते," माय त्याच्याकडं न बघता म्हणाली.

मग तिनं पदराची गाठ सोडली. आत पातेलं खरवडायची कपची होती. ती आणलीय हे तिनं मला मुखेडपासून सांगितलं नव्हतं. दहा वर्षं घासून घासून तिची एक कड झिजली होती, पण तुटीची बाजू तशीच होती. सरांनी ती हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला, आणि किल्ली लावून कपाट उघडलं. कुऱ्हाड बाहेर काढून त्यांनी कपची तुटलेल्या जागी टेकवली. ती बसली. मधे केसही गेला नसता.

सरांचे डोळे भरून आले, हे मी इमानदारीनं सांगते. ते म्हणाले, "आजी, ही कपची आम्हाला द्या. कुऱ्हाड पुरी होईल."

"देती की," माय म्हणाली. "तेवढं पाटलाचं नाव खोडा, अन् मव्हं लिवा."

इथून सरांचा आवाज बदलला. ते वाईट माणूस नव्हेत. पण आपली शिकलेली माणसं अडचणीत आली की कशी पुस्तकातलं बोलायला लागतात ते बघा. म्हणाले, शोधक म्हणजे नुसतं ज्याच्या हाताला वस्तू लागली तो नव्हे, ज्याला तिचं महत्त्व कळलं तो.

मी म्हटलं, "पाटलांना काय महत्त्व कळलं सर? त्यांनी तर शेंदूर फासला. माझ्या मायनं तिचा कोपरासुद्धा टाकला नाही."

ते थोडे वरमले. टेबलाशी जाऊन एका कोऱ्या कार्डावर सुंदर अक्षरात लिहून आणलं. मी वाचून दाखवलं, 'दुष्काळी कामावरील एका मजूर स्त्रीस सापडलेली.'

माय म्हणाली, "कोण मजूर स्त्री? त्या तळ्यावर अख्ख्या गावच्या बाया व्हत्या. पाटलाच्या पाटीवर 'एका पाटलास' असं लिवलंय का? त्याचं नाव लिवलंय ना? मला बी नाव हाय."

"आजी, नाव घालायचं तर कमिटीपुढं ठेवावं लागतं. पाट्या अशा बदलता येत नाहीत."

मग मात्र माझा पारा चढला. मी त्यांना पहिल्या कपाटापासून ओढल्यासारखं फिरवलं. प्रत्येक पाटीवर 'उस्मानाबाद' शाईनं खोडून वर 'लातूर' लिहिलेलं होतं. औसा, निलंगा, उदगीर, सगळीकडं. मी म्हटलं, "लाखो वर्षांच्या दगडांचा जिल्हा तुम्ही एका फटक्यात बदललात. तेव्हा पाट्या बदलता आल्या. माझ्या मायच्या नावालाच कमिटी का लागते?"

"तो सरकारी हुकूम होता," सर हळू आवाजात म्हणाले.

मायनं टेबलावरून कपची उचलली, पदरात ठेवली आणि गाठ मारली. ती गाठ तिनं दातानं ओढून घट्ट केली.

मुरुड

आमच्याकडं पाहुण्याला आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देतात, मग विचारपूस. मुरुडला यंदा गूळ हातावर ठेवून विचारत होते, "पाणी देऊ का?" नको म्हणणारा पाहुणा भला. गोदामावशी परातीत हात धुवायला लावायची आणि ते पाणी शेळीला पाजायची. आमची कळशी तिनं कोपऱ्यात ठेवली, वर ताटली झाकली, आणि शेजारणीला दाखवून म्हणाली, "मव्ह्या बहिणीनं आणलंय, तळ्याचं हाय." त्या तळ्यात यंदा तळाशी नुसता चिखल उरलाय हे मायनं तिला सांगितलं नाही. पाणी खरं तर आमच्या शाळेच्या आडाचं होतं.

जेवायला भाकरी आणि वाळवलेल्या हरभऱ्याच्या भाजीचं गरगट. थंडीत कोवळी पानं सुकवून ठेवायची आणि वैशाखात शिजवायची. आमच्याकडं त्यात डाळ टाकतात, मुरुडला दाण्याचं कूट. मला मावशीचंच आवडलं, हे मायला सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी आम्ही लातूरहून परतलो तेव्हा मावशीनं सगळी हकिगत ऐकली आणि कपाळाला हात लावला. "अगं द्यायची नाई का? दगडच की! इतका मोठा माणूस हात पसरायलाय."

"त्यानं हात पसरला, नाव नाई लावलं," माय म्हणाली. "तुला पायजे तर तुव्ह्या घरचा वरवंटा दे."

दोघी बहिणी तासभर अबोला धरून बसल्या. मग माय माझ्याकडं सरकली. "शकू, मव्हं नाव लिवून दाव."

मागं प्रौढ शिक्षणाचा वर्ग आमच्या वस्तीत चालला होता. माय 'धुरपता' इथपर्यंत आली, मग मास्तरची बदली झाली आणि वर्ग बंद पडला. तेव्हापासून ती अंगठाच देते. अर्धं नाव लिहिण्यापेक्षा अंगठा बरा, असं तिचं म्हणणं. आता तिनं कपची पेन्सिलीसारखी धरली आणि मावशीच्या ओसरीवरच्या शहाबादी फरशीवर माझ्या अक्षरांखाली गिरवायला लागली. पांढऱ्या रेघा उमटत होत्या. 'लक्ष्मण'मधल्या 'क्ष'नं तिला रडवलं. 'ळ' बघून म्हणाली, "ह्यो काय वेटोळं घालून बसलाय!" मावशी अबोला विसरून ओरडली, "फरशी खराब करायलीस!" पण थोड्या वेळानं तीही शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मव्हं बी एक लिही गं." दिवेलागणीपर्यंत ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

पुन्हा लातूर

बुधवारी परतीच्या गाडीला दीड तास होता. मी म्हटलं, चहा घेऊ. माय स्टँडच्या बाहेर चालायलाही लागली होती.

संग्रहालयात सर अजून आले नव्हते. तिसऱ्या कपाटातली पाटी जशीच्या तशी होती. ते 'मजूर स्त्री'चं कार्डही कुठं दिसलं नाही. वॉचमननं आम्हाला ओळखलं आणि जरा घाबरून उभा राहिला. मायनं त्याच्या टेबलावरच्या वहीकडं बोट केलं. अभिप्रायाची वही. नाव, गाव, अभिप्राय, तीन रकाने, प्रत्येक पाहुण्याला एक ओळ.

"ही वही कुणाची हाय?"

"सरकारी हाय मावशी. कायम ठेवतेत. मोठमोठ्या लोकांच्या सह्या हायेत तिच्यात."

"मंग आण इकडं."

ती खाली बसली. वही मांडीवर घेतली, पेन मुठीत धरलं आणि लिहायला लागली. 'धु' एवढा मोठा झाला की नावाचा रकाना त्यातच संपला. 'ता' गावाच्या रकान्यात गेला. वॉचमन वाकून बघत होता.

"अहो एका वळीत लिवा. बाकीच्यांनी कुठं लिवायचं?"

"तुमी लिवा एका वळीत. मला नवंच येतंय, मला जागा लागती."

धुरपताबाई लक्ष्मण सोनकांबळे. पाऊण पान लागलं. 'क्ष' थोडा कलला होता, 'ळ' मात्र झकास आला. शाई वाळेपर्यंत तिनं पानावर फुंकर घातली. मग वही माझ्याकडं दिली. "आता खाली मी सांगती ते लिही. अभिपराय."

मी तिच्याच शब्दांत लिहिलं आणि शेवटी आमचा पत्ता घातला: 'तिसऱ्या कपाटातली कुऱ्हाड मला घावली. तिचा कोपरा मव्ह्याकडं हाय. नाव लावा अन् घेऊन जा.'

एवढ्यात बिरादार सर सायकल लावून आत आले. त्यांनी पान वाचलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "आजी, मी प्रयत्न करतो. वेळ लागेल."

"लागू द्या," माय म्हणाली. "पत्ता शकूनं लिवलाय."

दाराबाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "ते पान फाडतील का गं?" मी म्हटलं, पानावर नंबर छापलेला असतो, फाडलं तर कळतं. तिला बरं वाटलं. मला खात्री नव्हती, पण मी तसं दाखवलं नाही. मला इतका अभिमान वाटत होता की त्या भरात मी स्टँडवर दोन चहा जास्त सांगितले आणि आमची अहमदपूरची गाडी समोरून निघून गेली. पुढची दोन तासांनी होती. माय रिकाम्या कळशीला टेकून झोपली.

तर तुम्ही लातूरला गेलात की तिसऱ्या कपाटात खालच्या फळीवर बघा. कुऱ्हाडीचा कोपरा अजून जागेवर नसेल तर पाटी वाचायची गरज नाही, ती खोटी आहे. अभिप्रायाची वही मागा आणि आमचं पान काढून बघा. कोपरा मुखेड तालुक्यात आमच्या चुलीपाशी आहे, आणि रोजच्या वापरात आहे.

परवा माझ्याच वेंधळेपणानं पिठलं लागलं. माय पातेलं घेऊन अंगणात बसली आणि कपचीनं करकर खरवडायला लागली. मी म्हटलं, "माय, सांभाळून. कोपरा झिजला तर उद्या तिथं बसायचा नाही. सर वाट बघत असतील."

"बघू दे," ती म्हणाली. "आपून लई बघितली."